शुक्रवारी पाणी बंद

उन्मेष सरांच्या पोटात दुखायला लागलं ते एका बादलीपासून.

बादली किर्तीच्या मोबाईलमध्ये होती. किर्ती म्हणजे सरांची बायको. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर. संध्याकाळी घरी आली की चहाचा कप घेऊन ती गॅलरीत बसे आणि दहा मिनिटं कोणाशी बोलत नसे. त्या दिवशी ती मोबाईलवर अंगठ्याने टकटक करत होती, आणि दर टकटकीला स्क्रीनवरच्या बादलीत पाण्याचा एकेक थेंब पडत होता.

"हे काय नवीन?" सरांनी विचारलं.

"गेम आहे, टाकी नावाचा. आपण व्हॉल्वमन, कॉलनीला पाणी सोडणारे. बादली भरली की दुसरा नळ मिळतो, मग पाईप, मग बिल्डिंगा. पुढे काही करावंच लागत नाही. मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला तरी आपलं पाणी चालूच. सकाळी उघडून बघावं तर आकडा हा एवढा." ती स्वतःशीच हसली. "तुमच्या त्या सम्यकने केलाय म्हणे. आमच्या लाईनवरच्या सगळ्या पोरी खेळतात."

सर "अच्छा" म्हणाले आणि आत गेले. आत जाऊन त्यांनी फ्रीज उघडला, काही न घेता बंद केला, आणि परत उघडला.

सरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माणूस तसा वाईट नाही. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, मधु शेठच्या जीन्सच्या दुकानावर, त्यांचा कंप्युटर क्लास. मशीन बारा, त्यातली चालणारी नऊ. टॅली, टायपिंग, पोरांची हौस असेल तर थोडं कोडिंग. पोटापुरतं चालायचं. पण सरांचं खरं आयुष्य क्लास सुटल्यावर सुरू व्हायचं. सहा वर्षं ते स्वतःचा एक गेम बनवत होते. नाव दुर्गाधिपती. त्यात सत्तर किल्ले, दोनशे बारा प्रकारचे सैनिक आणि चौदा प्रकारचं हवामान होतं, आणि या सगळ्याचा एकशे चाळीस पानांचा आराखडा होता. फक्त तो गेम आजवर कोणी खेळलेलं नव्हतं. किर्तीनेही नाही. पहिल्या वर्षी तिने दोनदा विचारलं, तेव्हा सर म्हणाले, पूर्ण झाल्यावर दाखवतो. मग तिने विचारणं सोडून दिलं, आणि सर मनात धरून बसले की हिला आपल्या कशातच रस नाही.

आणि आता ही बाई चहा गार होईपर्यंत सम्यकच्या बादल्या भरत होती.

सम्यक त्यांचाच विद्यार्थी. सहा वर्षांपूर्वी बारावी करून क्लासला आला होता. अंबरनाथच्या बुवापाड्यात दहा बाय बाराची खोली. वडील सोमा खरेखुरे व्हॉल्वमन, आधी जांभूळला पाण्याच्या केंद्रावर कंत्राटी, मग सरांच्या घराकडच्या पाण्याच्या लाईनवर. पोरगा मागच्या रांगेत बसायचा आणि सर जे बोलतील ते लाँगबुकात उतरवायचा. सर शिंकले तरी लिहून घेईल असा. बाकीची पोरं त्याची टर उडवायची आणि सरही कधीकधी हसण्यात सामील व्हायचे.

एकदा चहा यायला उशीर झाला म्हणून वेळ काढायला सर म्हणाले होते, "आकडा वाढला की माणूस खूश होतो. असले गेम ढिगाने आहेत. पण वाढत्या आकड्याची भीती वाटली पाहिजे. असा गेम कोणी केला तर मी त्याला मानेन." दुसऱ्या एका दिवशी सांगितलं होतं, "गेम कोणाला तपासायला दिलात तर त्याला कसा वाटला म्हणून विचारत बसू नका. आत लॉग ठेवा. त्याने कधी काय दाबलं, कुठे अडकला, सगळं त्यात येतं आणि नेटवरून आपल्याकडे पोचतं. माणूस खोटं बोलतो, लॉग बोलत नाही." दोन्ही वाक्यं बोलून सर विसरूनही गेले होते. सम्यकने तारीख टाकून लिहून घेतली होती.

चार दिवसांनी किर्तीच्या कॉलनीत चाळीस बिल्डिंगा झाल्या. त्या संध्याकाळी तिने मोबाईल सरांसमोर धरला. "हे वाचा."

स्क्रीनवर एकच ओळ होती. 'आज टाकीतलं पाणी जरा जड वाटतंय.' खाली नळ, पाईप, व्हॉल्व यांच्या रांगेत भूक नावाचा एक नवा आकडा आला होता. टाकीत कोणीतरी होतं. रोज त्याला एक माणूस दिला की पाणी दुप्पट वेगाने वाढायचं, नाही दिला की पाणी आटायचं. आणि माणसं नुसती आकड्यात नव्हती. प्रत्येकाला खोली होती, नाव होतं. ए-१०३, दोन भाऊ, आळीपाळीने झोपतात. बी-३०१, नवीन लग्न झालेलं. नावं हवी तर बदलता येत होती. किर्तीने ए-२०४ मधल्या एकट्या म्हातारीचं नाव सखू ठेवलं होतं. सखू तिची आत्या. तिनेच किर्तीला लहानाचं मोठं केलं होतं, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मी सखू आत्याला कध्धी देणार नाही," किर्ती म्हणाली. "पण आज बी-३०१ चा नवरा दिला. पाणी वाढवायचं तर काय करणार? द्यावंच लागतं. वाईट वाटतं हो, आणि तरी देतो आपण."

सरांना दरदरून घाम आला. भीतीने नाही. वाढत्या आकड्याची भीती. शब्दन् शब्द त्यांचा होता. कल्पना त्यांची, बोललेही तेच, आणि नाव सम्यकचं.

ते जळत होते. याला दुसरा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मधु शेठने जिन्याखाली अडवलं. "क्या साई, तुम्हारा लड़का तो छा गया. मेरी बेटी दिनभर वही टंकी लेके बैठती है. आपने ही सिखाया ना उसको?"

"सिखाया तो मैंने ही," सर म्हणाले, आणि गाल दुखेपर्यंत हसले. "शुरू से होशियार था."

सम्यकचं वाईट व्हावं असं सरांना वाटत नव्हतं. फक्त चांगलं होऊ नये एवढंच वाटत होतं. क्लासमध्ये शिकवताना, भाजी घेताना, आंघोळीच्या पाण्याखाली, सरांनी तो विषय मनातून कितीदा बंद केला. पण त्या गेमसारखंच झालं होतं. बंद करून ठेवलं तरी आत काहीतरी वाढतच होतं.

त्या शुक्रवारी सम्यक स्वतःच क्लासवर आला. हातात खारीचा पुडा. "आज आमच्याकडे लाईट नाही ना सर, म्हणून म्हटलं तुमच्याकडे येऊन जावं." अंबरनाथमधल्या माणसाला यात नवल नाही. शुक्रवार म्हणजे कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे दुरुस्त्या त्याच दिवशी निघतात. सकाळी लाईट जाते ती संध्याकाळी येते, आणि पाणीही बंद असतं. लोक गुरुवारीच पिंपं भरून ठेवतात.

"आता जे फिरतंय तो नुसता डेमो आहे, सर. पूर्ण गेम पुढच्या गुरुवारी टाकतोय. लोकांची डेमोतली कॉलनी तीच पुढे चालू राहणार. आणि त्यात शुक्रवार येणार, जो डेमोत नव्हता. शुक्रवारी पाणी बंद, टाकी रिकामी होत जाते, आणि तळाशी कोण आहे ते दिसायला लागतं." सम्यकचा चेहरा उजळला होता. मग त्याने आवाज खाली आणला. "सर, भिवंडीच्या गोडाऊनची नोकरी मी सोडलीय. आईला सांगितलंय, हा एक गेम टाकू दे. नाही चालला तर परत गोडाऊनला जाईन. पहिल्या दोन-तीन दिवसांत लोकांनी एकेक स्टार दिला की गेम खाली जातो तो जातोच. मला दुसरा चान्स नाही. तुम्ही एकदा शेवटपर्यंत खेळून बघाल का? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मोबाईलवर टाकून जा," सर म्हणाले. "बघतो वेळ मिळाला की."

वेळ दुसऱ्याच दिवशी मिळाला. शनिवारी दुपारची बॅच सुटल्यावर सरांनी दार लोटून घेतलं आणि गेम उघडला. चांगला असू नये अशी फार इच्छा होती. तो चांगला होता. दोन तास ते मान वर न करता खेळले. मग शुक्रवार कसा आहे ते बघायला त्यांनी मोबाईलची तारीख पुढे केली.

'आज पाणी बंद.' टाकीतली पातळी उतरायला लागली. आणि एका क्षणात सगळं गेलं. बिल्डिंगा, खोल्या, माणसं, नावं, सगळं. काळा पडदा राहिला, आणि कोपऱ्यात भूक या शब्दापुढे आकड्याच्या जागी एक आडवा पडलेला आठ. सरांनी गेम बंद करून उघडला. समोर पहिली बादली, रिकामी. जमवलेलं सगळं पुसलं गेलं होतं, परत न येण्यासाठी.

कारण कळायला सरांना दीड मिनिट लागलं. टाकीतल्याची भूक किती हे काढताना सम्यक पाण्याच्या पुरवठ्याने भागत होता. शुक्रवारी पुरवठा शून्य. शून्याने भागलं की भुकेला अंतच नाही. ती एका घासात सगळी कॉलनी खाऊन टाकत होती. पोरं पहिल्या महिन्यात करतात तसली चूक. आणि सम्यकला ती सापडली नव्हती, कारण शुक्रवारचा नियम त्याने लिहिला, पण शुक्रवारी गेम चालवून कधी बघितलाच नव्हता. कसा बघणार? बुवापाड्यात शुक्रवारी लाईट नसते. शुक्रवार म्हणजे बंद, हे त्याच्या इतकं अंगात मुरलेलं होतं की तारीख बदलून तो दिवस कंप्युटरवर आणून बघावा हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तपासायला दिलेल्या कॉपीत तयार कॉलनी आणायचं एक बटण होतं. सरांनी तारीख मागे घेऊन ते दाबलं आणि खात्री करायला पुन्हा एकदा तारीख पुढे केली. पुन्हा सगळं गेलं. तिसऱ्यांदा केली ती खात्रीसाठी नव्हती. तिसऱ्यांदा त्यांना नुसतं ते बघायचं होतं. अख्खी कॉलनी गेली, पडदा काळा झाला, आणि सर खुर्चीला टेकून त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

लोक गुरुवारी गेम घेतील. हौसेने पाणी चालू ठेवून झोपतील. शुक्रवारी सकाळी उठून बघतील तर हातात रिकामी बादली. मग पडतील एकेक स्टार.

त्यांनी सम्यकला मेसेज लिहायला घेतला. 'शुक्रवारचं बघ, शून्याने भागतोयस.' एका ओळीची दुरुस्ती होती, आणि सांगायलाही एवढीच एक ओळ. ती त्यांनी दोनदा वाचली आणि पुसून टाकली. मनात म्हणाले, सोमवारी फोन करून नीट समजावून सांगू. स्वतःलाही ते खरं वाटलं नाही.

सोमवारी फोन सम्यकचाच आला.

"सर, झाला का खेळून?"

"हो, शनिवारीच बघितला."

"काही सापडलं?"

खाली मधु शेठच्या दुकानात कोणीतरी गठ्ठे मोजत होतं. सरांना तो प्रत्येक आकडा ऐकू आला.

"काही नाही. मस्त आहे."

सम्यकने पुन्हा विचारलं, "नक्की ना सर? शुक्रवारपण बघितलात?"

"अरे हो, मस्त आहे."

"बरं सर," सम्यक म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात सर घरी फार चांगले वागले. किर्तीसाठी वाट वाकडी करून बदलापूरहून ताजे जांभळे वाल आणले, मिक्सरची वायर दुरुस्त केली, आणि दुर्गाधिपतीत पंधरावं हवामान घातलं. धुकं. बुधवारी जेवताना किर्ती सांगत होती, "आमच्या लाईनवरच्या सोनियाने तिच्या कॉलनीत तिच्या आईला ठेवलंय. रोज सकाळी आधी आईची खोली उघडून बघते, मग कामाला लागते. म्हटलं तर वेडेपणाच, पण बरं वाटतं हो."

"शुक्रवारी..." सर म्हणाले.

"शुक्रवारी काय?"

"शुक्रवारी तुला सुट्टी ना," सर म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली. उद्यापर्यंत वेळ आहे, सांगू, असं त्यांनी ठरवलं. गुरुवारी सकाळीही तेच ठरवलं. गुरुवारी दुपारी गेम आला. सगळीकडे त्याचंच बोलणं सुरू झालं, मधु शेठने पोरीच्या मोबाईलवर घेतला, आणि सरांना आता सांगून काय उपयोग असं म्हणायची सोय झाली.

शुक्रवारी नऊला लाईट गेली. पिंपं भरलेली होती, मोबाईल चार्ज होते. किर्ती चहा घेऊन गॅलरीत बसली. सर समोर पेपर धरून बसले आणि एकच बातमी पाच वेळा वाचली. आपण काय बघायला थांबलोय ते त्यांना नीट माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पण जागचं उठवत नव्हतं.

"आज पाणी बंद म्हणतोय," किर्ती म्हणाली. "आपल्यासारखंच."

सरांनी पेपर खाली केला. आता एका क्षणात सगळं जाईल.

गेलं नाही. टाकीची पातळी उतरत राहिली, आणि ए-१०१ चा दिवा विझला. खाली एक ओळ आली. 'दादा, आज नळाला हवाच येतेय.' मिनिटभराने ए-१०२. 'पोराचं दूध करायचं होतं.' मग दोन भाऊ. एकेक खोली विझत होती, आणि विझताना माणूस एकेक वाक्य बोलून जात होता. किर्ती व्हॉल्व दाबून बघत होती, पाईप वाढवून बघत होती, काही चालत नव्हतं. तिचा चहा तसाच राहिला. सर उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

चूक दुरुस्त झालेली होती. आणि त्या चुकीच्या जागी हे आलं होतं.

"आत्या राहू दे, आत्या राहू दे," किर्ती पुटपुटत होती. सगळ्या बिल्डिंगा काळ्या झाल्या. शेवटी ए-२०४ राहिली. मग तीही विझली, आणि ओळ आली. 'व्हॉल्वमनदादा, काल सांगितलं असतं तर भरून ठेवलं असतं.'

किर्तीने मोबाईल मांडीवर पालथा घातला. तिचे डोळे भरले होते. "किती साधी गोष्ट आहे हो," ती म्हणाली. "आदल्या दिवशी सांगतातच ना. आपल्याकडे नाही का, तो बिचारा सोमा दारोदार फिरून सांगून जायचा, उद्या येणार नाही, भरून ठेवा." मोबाईल सारखा वाजत होता. तिच्या लाईनवरच्या सगळ्याजणींचं तेच चाललं होतं. सोनिया रडली म्हणे, आणि लगेच गेमला पाच स्टार देऊन आली म्हणे.

किर्तीने नाक पुसलं आणि मोबाईल सुलटा केला. टाकी आता पूर्ण रिकामी होती. तळाशी कोणी राक्षस नव्हता. तळाशी हातात व्हॉल्वची चावी घेतलेला माणूस उभा होता आणि वर बघत होता.

"अगबाई, हा तर आपणच," ती म्हणाली, आणि खालचं मोठ्याने वाचायला लागली. "'आज पाणी येणार नाही हे तुला माहीत होतं. तुला विचारलं, तेव्हा काय म्हणालास?' आणि उत्तराला बटण एकच आहे." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "'काही नाही. मस्त आहे.' हे काय उत्तर झालं? आणि दाबलंही जात नाहीये. चार मिनिटं थांबा म्हणतोय. चारच का?"

पायात चपला न घालताच सर जिन्यात आले, दोन मजले उतरले आणि मधल्या पायरीवर बसून त्यांनी फोन लावला.

"बोला सर," सम्यक म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सम्यक, ते शुक्रवारचं..."

"तुम्ही फोन कराल असं वाटलंच होतं, सर. फक्त मला वाटलेलं रविवारीच कराल."

सरांनी डोळे मिटून घेतले. आता आठवलं त्यांना, मागच्या रांगेतलं ते लाँगबुक. "लॉग बघितलास."

"रविवारी सकाळी. तुम्ही तीनदा तारीख पुढे केलीत, तिन्ही वेळा सगळं उडालं. तिसऱ्या वेळी चार मिनिटं तुम्ही काहीच दाबलं नाहीत. म्हटलं, सर लिहून काढत असतील, आता मेसेज येईल. दिवसभर फोन हातात घेऊन बसलो. आई म्हणाली, अरे जेव तरी. मग सोमवारी मीच केला." त्याचा आवाज चढला नाही. "भागाकाराचं एका ओळीत निघालं. बाकीचं रागात लिहिलं, सर. दोन दिवस राग होता. बाबांना काही बोललो नव्हतो, नुसतं विचारलं, व्हॉल्वमनचं खरं काम काय असतं? ते म्हणाले, व्हॉल्व काय कोणीही फिरवेल. पाणी येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं, तेवढंच काम."

जिन्यात अंधार होता. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी पिंप सरकवल्याचा आवाज झाला.

"मी तुझ्यावर जळत होतो," सर म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, इतकं ते छोटं वाक्य होतं. "किर्ती तुझा गेम खेळत होती ना, तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेन."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही, सर," सम्यक म्हणाला. "मला वाटलं, चूक सांगावी एवढीही माझी लायकी तुम्हाला वाटत नाही. क्लासमध्ये सगळे हसायचे तसं."

पोराने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचा तो किल्ल्यांचा गेम कुठवर आला?" सम्यकने विचारलं. "एकदा नकाशा दाखवला होतात आम्हाला. तो मला द्या ना तपासायला. जे सापडेल ते त्याच दिवशी सांगेन."

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा गेम मागत होतं. सर तोंड उघडून म्हणणार होते, अजून थोडं काम बाकी आहे, पूर्ण झाल्यावर देतो. शब्द ओठांवर आलेच होते.

"तो चालत नाही रे," ते म्हणाले. "नकाशा उघडतो. त्याच्या पुढे काहीच होत नाही. सहा वर्षं झाली."

"मग नकाशा द्या," सम्यक म्हणाला. "संध्याकाळी लाईट आली की बघतो."

वरून किर्तीची हाक आली. "अहो, कुठे गेलात? चार मिनिटं झाली, बटण चालू झालं. दाबू का?"

"थांब," सर पायरीवरून उठत म्हणाले. "दाबू नको. आधी मला तुला एक सांगायचंय."